एका वाक्यांत दोन भाषा

एखाद्या सुशिक्षित घरांत रात्रीं जेवणें आटोपल्यावर नात आपल्या मोबाइलवर एक संभाषण लावते. दोन तरुण गृहस्थ मायक्रोफोनपुढें बसून तासभर गप्पा मारीत असतात. त्यांच्यापुढें लिहिलेला कागद नसतो, वेळेचें बंधन नसतें. विषय असतो शेतमालाच्या भावाचा, म्हणजे आजीच्या माहेरच्या जिव्हाळ्याचा. पहिलीं दहा मिनिटें आजी कान देऊन ऐकते. मग त्यांतला एक जण म्हणतो, “अ‍ॅक्चुअली प्रॉब्लेम प्राइसचा नाहीं, स्टोरेजचा आहे, फार्मरला होल्ड करतां येत नाहीं, सो तो डिस्ट्रेसमध्यें सेल करतो.” आजीला ‘नाहीं’, ‘आहे’, ‘येत’ आणि ‘करतो’ एवढेंच कळतें. शेतकऱ्याला माल साठवतां येत नाहीं म्हणून तो पडेल भावानें विकून मोकळा होतो, ही गोष्ट त्या गृहस्थापेक्षां तिला अधिक ठाऊक असते; तिच्या वडिलांनीं ती भोगलेली असते. पण संभाषणाचें दार तिला लागलेलें असतें, आणि गंमत अशी कीं, तें संभाषण तिच्याच भाषेच्या व्याकरणांत चाललेलें असतें.

अशा ध्वनिमुद्रित संभाषणाला ‘पॉडकास्ट’ म्हणतात. हा शब्द बेन हॅमर्सली नांवाच्या पत्रकारानें २००४ च्या फेब्रुवारींत इंग्लंडच्या ‘गार्डियन’ पत्रांत छापला. ‘आयपॉड’ ह्या खिशांतल्या संगीतयंत्राचें शेपूट आणि ‘ब्रॉडकास्ट’ ह्या शब्दाचें शेपूट बांधून तो तयार झाला. तें यंत्र काढणें कंपनीनें २०२२ सालीं बंद केलें. शब्द मात्र राहिला, आणि मराठींत त्याचा वावर आतां इतका झाला आहे कीं, त्याला प्रतिशब्द शोधण्याची खटपट फारसे कोणी करीत नाहीं.

वर दिलेलें वाक्य ऐकलें कीं वडील मंडळींच्या तोंडून ‘धेडगुजरी’ हें विशेषण निघतें. तें उच्चारण्यापूर्वीं जरा थांबावें. त्याच्या पोटांत एका दलित जातीचें नांव तुच्छतेनें घातलेलें आहे. मिश्र बोलण्याचा तिरस्कार आणि माणसांचा तिरस्कार हे एकमेकांच्या किती शेजारीं राहतात, हें तो शब्दच सांगतो. दुसरा आरोप आळसाचा: ह्या मुलांना धड मराठी येत नाहीं, धड इंग्रजीही येत नाहीं, म्हणून तीं दोन्हींची खिचडी करतात. हा आरोप तपासून पाहण्याजोगा आहे, कारण भाषाशास्त्रज्ञांनीं गेल्या सत्तर वर्षांत त्याचा बराच शोध घेतला आहे, आणि त्यांतील एक महत्त्वाचा शोध पुण्यांत जन्मलेल्या एका मराठी विद्वानानें मराठी-इंग्रजीवरच केला आहे.

प्रथम दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. एक वाक्य मराठींत पुरें झालें आणि पुढचें सबंध इंग्रजींत आलें, तर तो भाषापालट. एकाच वाक्याच्या आंत दोन्ही भाषांचे शब्द आले, तर तें भाषामिश्रण. पहिल्या प्रकाराबद्दल कोणी फारशी तक्रार करीत नाहीं. घरीं मराठी आणि कचेरींत इंग्रजी बोलणारा मनुष्य दिवसांतून दहा वेळां भाषा पालटतो. २०११ च्या शिरगणतीप्रमाणें भारतांतील सुमारें २६ टक्के लोकांनीं आपल्याला दुसरी भाषा येते असें सांगितलें, आणि ७ टक्क्यांनीं तिसरीही. खरी कुरकुर दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे. उरिएल वाइनराइख ह्या भाषापंडितानें १९५३ सालच्या आपल्या ग्रंथांत असें मानलें होतें कीं, उत्तम द्वैभाषिक मनुष्य प्रसंग बदलला म्हणजे भाषा बदलतो. वाक्याच्या मध्यें बदलत नाहीं. आजच्या आजोबांचें मतही अक्षरशः हेंच आहे.

हें मत १९८० च्या सुमारास डळमळलें. शाना पॉपलॅक ह्या विदुषीनें न्यूयॉर्क शहरांतील पोर्तोरिकन वस्तींत वीस माणसांचें बोलणें टिपून घेतलें. तीं स्पॅनिश आणि इंग्रजी मिसळून बोलत. तिला असें दिसलें कीं, ज्यांना दोन्ही भाषा चांगल्या येत होत्या तेच वाक्याच्या आंत सफाईनें भाषा बदलीत होते. ज्यांची एक भाषा कच्ची होती ते वाक्याच्या शेवटीं एखादें परकें शेपूट तेवढें जोडीत. आपल्याकडच्या ‘यू नो’ सारखें. वाक्याच्या आंत भाषा बदलणें म्हणजे धांवत्या गाडींतून दुसऱ्या धांवत्या गाडींत पाऊल टाकणें आहे. दोन्ही गाड्यांचा वेग ज्याला ठाऊक नाहीं तो पडतो. पॉपलॅकनें पुढें असा नियम मांडला कीं, दोन्ही भाषांची शब्दरचना जेथें जुळते तेथेंच उडी मारली जाते. मराठी आणि इंग्रजींत विशेषण नामाच्या आधीं येतें, म्हणून ‘डिफिकल्ट प्रश्न’ सहज निघून जातो. क्रियापदाची गोष्ट उलटी. इंग्रजी तें कर्माच्या आधीं ठेवते, मराठी वाक्याच्या शेवटीं. ह्या ठिकाणीं दोन्ही रूळ जुळत नाहींत, आणि एका भाषेला माघार घ्यावी लागते.

माघार कोण घेतें, हें अरविंद जोशी ह्यांनीं दाखविलें. त्यांचा जन्म १९२९ सालीं पुण्यास झाला. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठांत त्यांनीं आयुष्यभर अध्यापन केलें आणि २०१७ सालीं ते वारले. गणकयंत्राला माणसाची भाषा कशी समजावी, हा त्यांचा विषय. १९८२ सालीं त्यांनीं मराठी-इंग्रजी मिश्र वाक्यांवर एक निबंध वाचला. त्यांत त्यांनीं अशा वाक्यांत दोन भाषा समान हक्कानें नांदत नाहींत असें मांडलें: एक यजमान असते, दुसरी पाहुणी. ‘चा-ची-चें’, ‘वर’, ‘ला’, काळ दाखविणारे प्रत्यय, साहाय्यक क्रियापदें हा घराचा सांगाडा; तो यजमानाचाच राहतो. नामें, विशेषणें, क्रियापदांचे अर्थ हें सामान पाहुणीनें आणलें तरी चालतें. ‘थर्ड शेल्फवर ठेवलें आहे’ असें शंभर माणसें म्हणतील. ‘तिसऱ्या फळी ऑन ठेवलें इज’ असें एकही म्हणणार नाहीं. ह्याचें व्याकरण कोणी शाळेंत शिकविलेलें नाहीं, तरी तें चुकत नाहीं. आजीला आरंभींच्या वाक्यांत ‘नाहीं, आहे, येत, करतो’ एवढेंच कां कळलें, ह्याचा उलगडा येथें होतो. तिला घराचे खांब दिसले. सामान ओळखीचें नव्हतें.

मराठींत ह्या सामानाची एक छान परीक्षा आहे, आणि ती प्रत्येक मराठी माणसाच्या जिभेवर आहे. ती म्हणजे सामान्यरूप. विभक्तीचा प्रत्यय लागण्यापूर्वीं मराठी नाम आपलें रूप बदलतें: घर, घरांत, खुर्ची, खुर्च्यांवर. जो परका शब्द ह्या भट्टींतून निघाला तो मराठी झाला असें खुशाल समजावें. ‘बँक’ हा शब्द इंग्रजींतून आला, पण आपण ‘बँकेंत’ जातों आणि गांवांत चार ‘बँका’ असतात. ‘बँक्समध्यें’ कोणी जात नाहीं. ‘टेबलावर’, ‘डॉक्टरांना’, ‘फायली’, ‘मोटारी’ हे सारे शब्द कुंकू लावून घरांत आलेले आहेत. उलट ‘चेअर्सवर’ ह्या शब्दांत इंग्रजी अनेकवचन जसेंच्या तसें राहिलें आहे आणि मराठी प्रत्यय बाहेरून टाचणीनें लावला आहे. तो अद्याप पाहुणा आहे. पहिल्याला उसनवारी म्हणावें, दुसऱ्याला मिश्रण.

पण ह्याच परीक्षेंत एक काळजीचें लक्षण दिसतें. जुन्या पिढींतील माणसें ‘स्टेशनावर’ म्हणत, ‘कॉलेजांत’ म्हणत. आजच्या संभाषणांत ‘स्टेशनवर’ आणि ‘कॉलेजमध्यें’ ऐकूं येतें. म्हणजे जे शब्द एकदां भट्टींतून निघाले होते, तेच पुन्हां कच्चे होऊं लागले आहेत. ‘मध्यें’ हा शब्द येथें मोठा सोयीचा झाला आहे, कारण त्याला नामाचें रूप बदलावें लागत नाहीं. परके शब्द किती आले, ह्याची मोजणी बहुतेक टीकाकार करतात. ते आल्यावर त्यांना पचविण्याची शक्ति किती उरली, ही मोजणी अधिक अगत्याची आहे. क्रियापदांत तर हें ठळक दिसतें. फार्सी-अरबी शब्द आले तेव्हां मराठीनें त्यांची सरळ क्रियापदें केलीं: बदलणें, खर्चणें, कबूलणें, गुजरणें. इंग्रजी शब्दांचें असें फारसें झालें नाहीं. ‘कन्फर्म करणें’, ‘मॅनेज होणें’ अशी ‘करणें-होणें’ची कुबडी प्रत्येकाला द्यावी लागते. कुबडी उपयोगाची नाहीं असें नव्हे. सकर्मक-अकर्मकाचा भेद ती फार चोख दाखविते. तरीपण साठविणें, अडविणें, विकणें, परवडणें, खपणें अशीं सुटीं, कसदार क्रियापदें जेथें होतीं, तेथें आतां एकटें ‘करणें’ दहा माणसांचें काम करीत आहे.

आतां, हें मिश्रण पॉडकास्टांत एवढें कां? नभोवाणीवरील भाषण आधीं लिहिलें जाई, तपासलें जाई, मग वाचलें जाई. त्यांत भाषा सोवळी राहणें स्वाभाविक होतें. दुसरें कारण श्रोत्याचें आहे. अ‍ॅलन बेल ह्या संशोधकानें न्यूझीलंडमधील नभोवाणीचा एक चमत्कारिक अनुभव १९८४ सालीं प्रसिद्ध केला. तेच वृत्तनिवेदक, त्याच इमारतींत बसून, दोन निरनिराळ्या केंद्रांसाठीं बातम्या वाचीत; एका केंद्राचा श्रोतृवर्ग वरच्या थरांतला, दुसऱ्याचा सामान्य. केंद्र बदललें कीं त्यांचे उच्चारही बदलत. बेल ह्यांचें म्हणणें असें कीं, बोलणारा मनुष्य समोर कल्पिलेल्या श्रोत्याप्रमाणें आपली भाषा घडवितो. पॉडकास्ट करणाऱ्यासमोर कल्पिलेला श्रोता कोण? बहुधा त्याच्यासारखाच: त्याच वयाचा, तशाच कचेरींतला, तशाच शाळेंत शिकलेला. आजी त्या कल्पनेंत नसतेच. ह्याचा पुरावा त्याच संभाषणांत सांपडतो. एखाद्या भागांत नाशिककडचा कांदेवाला शेतकरी पाहुणा म्हणून आला, तर तोच गृहस्थ नकळत ‘स्टोरेज’ऐवजीं ‘चाळ’ म्हणूं लागतो, ‘प्राइस’ऐवजीं ‘भाव’. शब्द त्याला येत होते. ते मागणारें कोणी समोर नव्हतें.

शिवाय प्रत्येक पालट कांहीं सांगत असतो. जॉन गंपर्झ ह्या अमेरिकन पंडितानें ह्याचा बारकाईनें विचार केला होता. दुसऱ्याचें बोलणें उद्धृत करतांना भाषा बदलते. विनोदाचा शेवट करतांना बदलते. आपल्या मनांतलें सांगून झाल्यावर तटस्थपणें मत देतांना बदलते. लेंकराला “इकडे ये” असें दोनदां सांगूनही तें ऐकेना, म्हणजे आई “कम हिअर” म्हणते; अर्थ तोच, पण धाक वाढतो. मराठी पॉडकास्टांत दुःखाची, आईवडिलांची, गांवची गोष्ट आली कीं बोलणारा बहुतेक मराठींत उतरतो, आणि पैशाचा, यंत्राचा किंवा मानसिक आजाराचा विषय निघाला कीं इंग्रजीच्या आश्रयाला जातो. मानसिक आजाराबद्दल हें विशेष विचार करण्यासारखें आहे. ‘डिप्रेशन’ म्हटलें कीं लाज थोडी झांकली जाते. ‘मन लागत नाहीं, जीव नकोसा वाटतो’ असें म्हटलें कीं घरांतल्या सर्वांना समजतें. ज्याला तें घरांतल्यांना कळूं द्यायचें नसेल, त्याला इंग्रजी शब्द पडद्यासारखा उपयोगीं पडतो. पण जी आई ऐकून वेळीं सावध झाली असती, तिलाही तो पडदा आड येतो.

आपल्या देशांत हा प्रकार आजचा नव्हे. संस्कृत नाटकांत राजा संस्कृत बोले, नायिका शौरसेनी, आणि गाणीं महाराष्ट्री प्राकृतांत असत. एखादी विदुषी स्त्री मध्येंच संस्कृताकडे वळे, तर तशी सूचना नाटककार कंसांत देत असे. तंजावरच्या भोसले घराण्यांतील शाहजी राजा सतराव्या शतकाच्या अखेरीस गादीवर होता. त्याच्या ‘पंचभाषाविलास’ नाटकांत निरनिराळ्या देशच्या राजकन्या आपापल्या भाषेंत बोलतात, आणि त्यांपैकीं एक मराठी आहे. केरळांत संस्कृत आणि मलयाळम् ह्यांच्या मिश्रणाला ‘मणिप्रवाळ’ असें रत्नांचें नांव देऊन त्याचें शास्त्र लिहिलें गेलें. तेथें मिश्रण हा दागिना होता, येथें तो डाग ठरतो. फरक बराचसा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत आहे.

मराठीचा फार्सीशीं झालेला संसार मात्र केवळ दागिन्याचा नव्हता. १६७४ च्या राज्याभिषेकानंतर शिवाजी महाराजांनीं रघुनाथपंतांकडून ‘राज्यव्यवहारकोश’ करविला आणि कारभारांतील यावनी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द सिद्ध करविले. इतिहासाचार्य राजवाडे ह्यांनीं पुढें जुन्या पत्रांतील शब्द मोजून, सतराव्या शतकाच्या आरंभीं दरबारी मराठींत फार्सीचें प्रमाण किती जबर होतें आणि शंभर वर्षांत तें कसें उतरलें, हें दाखविलें. माधव जूलियन ह्यांनीं १९२५ सालीं फार्सी-मराठी कोश रचला आणि १९३८ सालीं ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिलें. दोन्ही काम एकाच हातानें झालें, हें विसरूं नये. एवढ्या सगळ्या शुद्धीनंतरही वकील, कागद, दप्तर, हुकूम राहिले, आणि पोर्तुगीजांकडून आलेले साबण, पाव, चावी, पगार आणि तुरुंगही राहिले. पण नामें तर राहणारच. सांगाड्यांतल्या शब्दांचें काय? शिवाय, ऐवजीं, बाबत, मार्फत, खेरीज हे पांचही शब्द अरबी मुळाचे आहेत. म्हणजे जोशी ह्यांचा नियम आजच्या बोलणाऱ्याला लागू असला, तरी तीनचारशें वर्षांच्या सहवासानें पाहुणी खांबापर्यंत पोंचते. म्हणून आरंभींच्या वाक्यांतील ‘प्राइस’पेक्षां ‘सो’कडे अधिक लक्ष द्यावें. ‘बट’, ‘बिकॉज’, ‘सो’ हे शब्द वाक्यांच्या सांध्यांत बसले आहेत, आणि युक्तिवाद सांध्यांवर उभा असतो.

उलट दिशेचा एक दाखला आपल्या सांगली जिल्ह्यांतच आहे. गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन ह्यांनीं मिरजेजवळच्या कुपवाड गांवाचा अभ्यास १९७१ सालीं प्रसिद्ध केला. तेव्हां तें सुमारें तीन हजार वस्तीचें खेडें होतें. १९९८ पासून तें सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिकेंत आहे. तेथें जैन आणि लिंगायत कानडी बोलत, मुसलमान उर्दू, आणि मराठी बोलणारेही होते. थोडी तेलुगूही होती. पिढ्यान् पिढ्या रोज एकमेकांशीं बोलून ह्या भाषांचें व्याकरण इतकें एकरूप झालें कीं, ‘थोडा पाला कापून घेऊन आलों’ ह्यासारखें मराठी वाक्य एकेका शब्दाच्या जागीं उर्दू किंवा कानडी शब्द ठेवून जसेंच्या तसें उलथतां येई. शब्द मात्र प्रत्येकानें आपले जपले, कारण घरांत कोण कोणाचें, हें शब्दांवरून कळे. पॉडकास्टांत सांगाडा मराठीचा राहून शब्द परके होत आहेत. कुपवाडांत शब्द आपले राहून सांगाडा सगळ्यांचा एक झाला. दोन्ही ठिकाणीं भाषा मेली नाहीं.

मराठींतील एक कोपरा मात्र खरोखर रिकामा होत चालला आहे, तो संख्यांचा. संभाषण कितीही मराठी असो, साल आलें कीं ‘ट्वेंटी फिफ्टीन’ आणि रक्कम आली कीं ‘सेव्हंटी-नाइन थाउजंड’. एकोणऐंशी म्हणजे किती, हें पुष्कळ तरुणांना क्षणभर थांबून जुळवावें लागतें. २०१९ सालीं बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकांत ‘वीस एक, वीस दोन’ अशी वाचनपद्धति आली तेव्हां मोठा गहजब झाला. जोडाक्षरें मुलांना अवघड जातात आणि ‘बावीस’मध्यें दोन आधीं, वीस मागून येतात, ही त्यामागची अडचण खरी होती. ज्यांच्या घरांत मुलांना पंचेचाळीस हा शब्द वर्षांतून एकदांही ऐकूं येत नव्हता, त्यांनींही त्या गहजबांत भाग घेतला होता, ही गोष्ट नमूद करण्यासारखी आहे.

यंत्रांपुढेंही हा प्रश्न उभा आहे. बोलणें ऐकून तें लिहून देणारीं यंत्रें एका भाषेवर शिकविलेलीं असलीं तर मिश्र वाक्यांत अडखळतात. २०२१ सालीं भारतीय भाषांसाठीं झालेल्या एका तांत्रिक स्पर्धेंत हिंदी-इंग्रजी आणि बंगाली-इंग्रजी मिश्र बोलणें यंत्रांपुढें ठेवलें होतें. तेथें एक साधी अडचण निघाली: तोच इंग्रजी शब्द माणसांनीं कधीं रोमन लिपींत उतरविला होता, कधीं देशी लिपींत, आणि यंत्रानें दुसऱ्या लिपींत लिहिला तर तें चुकलें असें धरावें कीं नाहीं, हेंच ठरेना. शेवटीं गुण मोजण्याचा वेगळा हिशेब करावा लागला.

‘पॉडकास्ट’ ह्या शब्दाचा निकाल मात्र माणसेंच लावीत आहेत. कोणी ‘तो पॉडकास्ट’ म्हणतो, कोणी ‘तें पॉडकास्ट’. लिंग अजून ठरलेलें नाहीं. बहुतेक जण ‘पॉडकास्टमध्यें’ म्हणतात, पण ‘परवांच्या पॉडकास्टांत ऐकलें’ असेंही मधूनमधून कानावर येतें.